दुसरा फाँट लावू का?

मंडळी, ऐका! एकच प्रश्न विचारतो — माणूस घरात असताना ‘नाही’ कधी होतो? मेल्यावर? थांबा, उत्तराची घाई नको!

करमाळ्यात इंदुमती ढगे. नवरा भास्कर छापखान्यात लग्नपत्रिकांचे खिळे जुळवायचा. तो देवाघरी गेला, तिनं संगणक हातात घेतला. गावभरच्या लग्नपत्रिका केल्या. आता स्वतःच्या लेकीची, रेवतीची! जुन्या मशीनवर, धाकट्या दिरानं — उद्धवरावांनी — सांगितला तसा मजकूर तिनं मान खाली घालून टाइप केला. अक्षर मात्र भास्करच्या आवडीचं. मग दिरानं मायेनं नवा संगणक आणला, जुना माळ्यावर गेला. फाइल इकडं आली. फाँट, म्हणजे त्या अक्षराचं वळण? तो कोण आणणार! बिऱ्हाड हलवताना आपण नाही का, फ्रिज आधी नेतो आणि देव मागं विसरतो!

दारात जीप उभी. पत्रिका छापून आजच कुलदैवतापुढे ठेवायची. उद्धवराव हॉर्नवर हॉर्न!

इंदूताईनं फाइल उघडली. पडद्यावर चौकट — “फाँट सापडत नाही. दुसरा लावू?” न वाचताच दाबलं — हो!

अरे देवा! अक्षरांचा पार भुगा! लेकीच्या नावाच्या जागी नुसत्या चौकोनी पेट्या! सेव्ह झालं का? नाही झालं! तशीच फाइल बंद केली.

उद्धवराव जीपमधून उतरून आत आले. “वहिनी, कुठलंही अक्षर चालेल की!”

“नाही चालणार, भाऊजी.”

माळ्यावर चढली. जुन्या मशीनची वायर जोडली. बटण दाबलं — गप्प! पुन्हा दाबलं — गप्प! “अहो, एवढ्या वेळी तरी...” ती कुणाला म्हणाली, तुम्हीच समजा. आणि मशीन घुरघुरलं! फाँट तिथंच होता हो! पेन ड्राइव्हवर घेतला, नव्यावर चढवला, फाइल उघडली — अक्षरं जागच्या जागी!

डोळे पुसून तिनं पत्रिका पहिल्यांदा नीट वाचली. निमंत्रक — काका-काकू. कन्यादान — काका-काकू. आईचं नाव? कुठंच नाही!

तिनं नाव घातलं. दोन्हीकडं.

“वहिनी, असं चालत नाही! विधवेनं...”

“भाऊजी, या मशीनला फाँट सापडला नाही, तर त्यानं विचारलं तरी — दुसरा लावू का? मी तर घरातच होते. मला कुणी विचारलंसुद्धा नाही!”

उद्धवरावांनी पडद्यावरचं ते नाव पुन्हा वाचलं. मग हळूच म्हणाले, “पाठवा प्रेसला.”

आता माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या! घरच्या कार्यात आईला मागच्या खोलीत बसवून तिच्या पाटावर दुसरं कुणी बसवलंत ना? मान डोलवू नका, मंडळी! इथून घरी जा, आणि आधी त्या खोलीचं दार उघडा.