नदीकडे पाठ

— नको, सानालदादा, तो कॅमेरा पिशवीतच राहू दे. आधी चहा घ्या. मीठ जास्त झालंय? नदीकाठचा चहा असाच असतो, तुम्हा एलिस्ताच्या शहरवाल्यांना पातळ पाण्याची सवय. काल चित्रण करायला येताना तुमची गाडी रुतली नसती, तर सगळं तुमच्या डोळ्यांदेखत झालं असतं. बरं झालं रुतली. तर काय म्हणत होते — मला वाटलं होतं, अख्खं गाव माझ्यामागे वाजतगाजत नदी ओलांडायला येईल. खरंच वाटलं होतं! पीटर्सबर्गात इतिहास शिकताना मी हेच चित्र रंगवायचे: नदी गोठलीय, शाळेतली पोरं निळी निशाणं घेऊन बर्फावरून पलीकडे चाललीयत, मागे म्हातारेकोतारे, आणि मी ओरडून सांगतेय की आमचंही राज्य होतं, आमचा खान होता, दोन नद्यांमधला सगळा गवताळ मुलूख आमच्या तंबूंचा होता! आणि झालं काय? गाव आलं. थर्मास घेऊन, बोर्त्सगच्या पुऱ्या तळून घेऊन, नटूनथटून आलं — आणि काठावर ओळीने उभं राहिलं. नदीकडे पाठ करून.

हसताय काय? नदीने बर्फ धरला की आमच्याकडे असंच उभं राहतात. लहानपणी मीही राहायचे. शिकून आल्यावर मला त्याची लाज वाटायला लागली — राज्य बुडालेल्यांची ही लाजिरवाणी सवय, मी ती मोडणार, दुसरं काय! तो हिवाळा तुम्हाला शाळेत शिकवलाच असेल. पीटर्सबर्गच्या राणीचे किल्ले दरवर्षी जवळ सरकत होते, कुरणांवर नांगर फिरत होते, खानाच्या दरबारात खानापेक्षा राणीच्या माणसांचा आवाज मोठा. खानाने ठरवलं, सगळ्यांनी पूर्वेला जायचं, पणजोबांच्या मुलखात. तो पलीकडच्या काठावर, आपण अलीकडे. नदी गोठली की ओलांडायचं आणि त्यांना मिळायचं. आणि नेमकी त्या वर्षी नदी गोठलीच नाही. एवढं पुस्तकात आहे. पुस्तकात नाही ते आमच्या गावात आहे — आई पलीकडे, लेक अलीकडे, मधे काळं पाणी, मागून फौज येणार, आणि पलीकडचे काही जाईनात! इकडे बघत उभे. तेव्हा इथल्या बायकांनी पाठ फिरवली. एकदम, सगळ्यांनी. जा बाबांनो, आम्ही तुमची वाट बघत नाही. मग ते गेले. आणि वाटेत थंडीने, तहानेने, लढाईत निम्म्याहून जास्त मेले. राणीने खानाची गादीच मोडून टाकली. उरलो आपण. पाठ फिरवलेले.

काल मी त्या ओळीपुढे उभी राहून ओरडले, अहो, मेले ते सगळे, अडीचशे वर्षं झाली, आता तरी वळा! तर लिजीआजोबा — आमच्या शेजारचे, ते खिडकीतून दिसतायत ना, ते — म्हणतात, "मेले हे तुला कळलं, नोगाला. त्यांना कळलंय का?" आणि वर, "पीटर्सबर्गात बर्फ संपला वाटतं, आमच्या बर्फावर चालायला आलीस ती!" गाव खो खो हसलं. पण पोरांना खांद्याला धरून वळवलं त्यांनी, एकेकाला. माझ्यामागे कुणी उरलं नाही.

मग काय, रागाने एकटीच बर्फावर उतरले. उन्हं कलली होती. अर्ध्यात पोचले आणि मागे पाहिलं, कुणी येतंय का म्हणून — तर नुसत्या पाठी. तिथून दिसलं मला, दादा. जाणाऱ्यांना काय दिसलं होतं, ते. आणि त्या पाठींत एक पाठ माझ्या ओळखीची. मी शिकायला निघाले तेव्हा आई बसथांब्यावर अशीच उभी होती, बसकडे पाठ करून. मी समजत होते, रागावलीय. इतकी वर्षं तेच समजत होते. सुट्टीतसुद्धा आले नाही त्या रागापायी. आणि ती फक्त — असो. चहा गार होतोय तुमचा.

बर्फ आवाज करतो, मला ठाऊक आहे. खालून तडा धावत गेला की घोडी उधळल्यासारखं वाटतं. पण तडा काही नावाने हाक मारत नाही. पलीकडून कुणीतरी म्हणालं, "आलीस?" अगदी घरच्यासारखं. आणि मी "हो" म्हणाले. हे कुणाला सांगायचं नव्हतं, तुम्हाला कसं सांगून बसले! पाय आपले चालायला लागले, पूर्वेला. तेव्हा आई वळली. त्या सगळ्या ओळीत एकटी. "नोगालाऽ!" तिने माझ्याकडे तोंड केलं, हात पसरले, आणि मी पळत परत आले.

सुटले मी. ती अडकली. ती बघा, काठावर पाटावर बसलीय, कालपासून, नदीकडे तोंड करून. घास घेत नाही. म्हणते, त्यांनी माझं तोंड पाहिलं, आता ते थांबलेत, बर्फात, पोराबाळांसकट. मी म्हटलं, मग फिरव पाठ. तर म्हणाली, "दुसऱ्यांदा? माझ्याने नाही व्हायचं."

म्हणून आज सकाळी ठरवलं. मी जाणार पलीकडे. निशाण नाही, पोरं नाहीत, भाषण नाही. पलीकडच्या काठावर उभं राहून मोठ्याने सांगणार — कुणी येत नाहीये, तुम्ही निघा. तेवढंच. वारा दक्षिणेचा सुटलाय, दिसतंय मला. उद्यापर्यंत बर्फ राहायचा नाही, म्हणून तर आज. नाही, तुम्ही सोबत यायचं नाही. तुमचं काम इथे आहे. मी उतरले की आईजवळ जा, तिचे खांदे धरा, आणि अलगद वळवा तिला. ती ऐकेल, माझ्यासाठी ऐकेल. आणि मग तुम्हीही —

चला. टोपी घाला. नाही, कॅमेरा नाही.

वळा ना, सानालदादा. वळा.