मुक्ता आणि सुरेशचा बोआ

अहो, आमच्या मुलीचं ऐका. मुक्ताला लई दिवसांपासून साप पाळायचा होता. माझा मित्र सुरेश दुबईला निघाला, तेव्हा त्याचा बोआ तो तिला द्यायला तयार झाला. परदेशी अजगरच तो, माझ्या दंडाएवढा जाड. आम्ही सुरेशच्या घरी गेलो, तर मुक्तानं बिनधास्त खांद्यावर घेतला. मी दारातच उभा.

"घेऊन जा की पोरी," सुरेश म्हणाला.

तिनं बराच वेळ बोआच्या पाठीवरून हात फिरवला.

"नको काका. हा वीस-पंचवीस वर्षं जगणार, आणि मी पुढच्या वर्षी पुण्याला शिकायला जाणार. मागं याला कोण बघणार? पप्पा तर अजून दारातच आहेत."

परतताना ती स्कूटरवर मागं बसून मुसमुसत होती, आणि मी सात रस्ता चौकातून छाती फुगवून गाडी चालवत होतो.