आला ना वास?

...आणि वर हा शहाणा मला फोनवरून सांगतो, "भाऊजी, घरातच तर बसायचंय, त्यात काय एवढं?" मेहुणा हो माझा. याच्या घराला गच्ची, खाली बाग, बागेत झोपाळा, आणि हा मला घरात बसायला शिकवणार... तर तुम्हाला सांगतो मंडळी, जरा पुढे या, नको नको, पुढे नको, आहात तिथेच बरे आहात, मीच आवाज चढवतो. तारीख एकवीस एप्रिल, मंगळवार, स्वच्छ ऊन, वारा अजिबात नाही, रस्त्यावर चिटपाखरू नाही. अशा त्या छान सकाळी मी बाहेरच्या खोलीत उभा राहून माझ्या जन्मदात्या आईशी धडधडीत खोटं बोललो.

का बोललो ते सांगतो, पण त्याआधी घर समजून घ्या. आम्ही चौघं. मी, बायको, कॉलेजात जाणारी मुलगी आणि आई. आईची छाती पहिल्यापासून नाजूक. दोन जिने चढते, तिसऱ्यावर बसते आणि वर आपल्यालाच ऐकवते, "मी काही दमले नाहीये, मी वाट बघतेय." कुणाची, ते सांगत नाही. साथ सुरू झाली तशी तिच्या डॉक्टरीणबाईंनी मला फोनवर आवाज खाली आणून सांगितलं, "हे बघा, तुम्हाला झालं तर तुम्ही खोकाल, झोपाल, उठाल. त्यांना झालं तर... त्यांना होऊ देऊ नका." आणि फोन ठेवला. आता होऊ देऊ नका म्हणजे नेमकं काय करायचं हो माणसाने? दारात उभं राहून रोगाला सांगायचं, आई घरात नाही, संध्याकाळी या?

आणि घराबाहेर पडणारा कोण, तर मी. दूध मी आणणार, भाजी मी आणणार, आईची औषधं मी आणणार. म्हणजे रोग घरात आलाच तर कुणाच्या पायांनी येणार? विचारूच नका. पण घरातच तर बसायचंय, त्यात काय एवढं.

त्यात आईने कुठेतरी ऐकलं की या आजारात माणसाला वास येईनासा होतो. झालं. दुसऱ्या दिवसापासून चहाच्या आधी तपासणी सुरू. तपासणी कशाने? तर माझ्या वडिलांच्या कोलनने. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, पण ती बाटली आईच्या कपाटात कायम. ते दाढी झाली की गालावर ते कोलन असं थापायचे की समोरच्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. आई आजही सांगते, "ते खालच्या दारात असायचे आणि मी वरती चहाचं आधण ठेवायचे. नुसत्या वासावरून." त्यापेक्षा कडक वास या जगात नाही असं तिचं ठाम मत. म्हणून कापसाचा बोळा, त्यावर कोलन, आणि आम्ही रांगेत. आधी ती स्वतः हुंगणार, डोळे मिटून "आला" म्हणणार, मग नात, मग सून, मग मी.

"आला ना वास?"

"आला."

"कसा आला?"

"झणझणीत."

झणझणीत म्हटल्याशिवाय सुटका नाही. नुसतं आला म्हटलं तर परत हुंगायला लावते.

तर त्या मंगळवारी बोळा नाकाशी आला आणि... काही नाही. हवा. स्वच्छ, कोरडी, सरकारी हवा. माझ्या आधी मुलगी म्हणाली झणझणीत, तिच्यानंतर बायको म्हणाली झणझणीत, आणि मी श्वास ओढतोय, ओढतोय, पार टाचेपर्यंत ओढला, काही नाही. आई बघतेय. "आला ना वास?" आणि माझ्या तोंडातून निघून गेलं... "झणझणीत."

आता तुम्ही म्हणाल, अहो, एवढ्या मोठ्या गोष्टीत खोटं? पण माझा धंदा लक्षात घ्या. माझं चष्म्याचं दुकान. आयुष्य गेलं लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावण्यात. आणि तुम्हाला सांगतो, माणसं तिथेही खोटं बोलतात. माझ्याशी, पैसे देऊन. बाहेर बाकावर बसून दुसऱ्याचं ऐकतात, ओळ पाठ करतात आणि आत येऊन घडाघडा म्हणून दाखवतात. मी म्हणतो, "काका, तुम्हाला दिसतंय की पाठ आहे?" ते म्हणतात, "दिसतंय हो, लख्ख." म्हणतात ते भिंतीकडे बघून. तक्ता दुसऱ्या भिंतीवर. मी मनात हसायचो. का बरं असं करत असतील, मी काय त्यांचा डोळा काढून घेणार आहे? त्या मंगळवारी कळलं का करतात. नाही दिसत असं एकदा म्हटलं की ते खरं होतं ना.

मग मी काय केलं? घरभर वास घेत हिंडलो. साबण हुंगला. आला वास. पण लगेच मनात आलं, हा येतोय की आठवतोय? साबणाचा वास काय, मला पाठच आहे. बुटाचं पॉलिश हुंगलं, तेच. धुण्याची पावडर हुंगली, शिंका आल्या, आता शिंक हे चांगलं लक्षण की वाईट? मोजे हुंगत होतो तेव्हा बायको दारात उभी. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक.

"काय करताय?"

"धुतलेत का बघतोय."

"तुमच्या पायात होते ना आत्ता?"

मी मोजे परत पायात चढवले. घरातच तर बसायचंय, त्यात काय एवढं.

पण खरा पेच पुढे. आता आईपासून लांब राहायचं, आणि तिला कळू न देता. आणि आमचं घर केवढं? आईने आतल्या खोलीत कूस बदलली की बाहेर माझी खुर्ची हलते. त्यात रोज चारला आमचा पत्त्यांचा डाव. साथ आल्यापासून तेवढं एकच सुख होतं घरात. चहा, चौघांच्या चार खुर्च्या, आणि आईची लबाडी. ती पानं मांडीवरच्या शालीखाली दडवते, उन्हाळ्यात शाल, आणि पकडली की म्हणते, "खाली पडलं होतं ते." सगळ्यांना माहीत. कुणी बोलत नाही. जिंकली की टाळ्या पिटते आणि मग धाप लागून दोन मिनिटं गप्प बसते, डोळे मात्र चमकत असतात. त्या डावाला मी नाही म्हणायचं.

म्हटलं, "आई, कंबर धरलीये, मी खिडकीशी उभाच राहतो." तोंडाला मास्क. बायको म्हणाली, "घरात मास्क कशाला?" म्हटलं, धुळीचा त्रास होतोय. झाली ना चूक. "धूळ? या घरात धूळ? मी काय केर काढत नाही?" पुढे अर्धा तास मी न बोललेल्या वाक्यांची उत्तरं ऐकली. रात्री म्हटलं, मी फार घोरतो, छोट्या खोलीत झोपेन म्हणतो. वाटलं, आता वाद होईल. तर ही पटकन म्हणाली, "हो, जा." इतक्या पटकन? इतक्या वर्षांच्या संसारात ही माझ्या कुठल्याच सूचनेला पहिल्या फटक्यात हो म्हणालेली नाही. मला बोचलं. पण बोलणार कुठल्या तोंडाने, त्यावर मास्क.

आणि मग घरात एक विचित्र प्रकार सुरू झाला. बायको बालवाडीत शिकवते, म्हणजे सध्या कॉम्प्युटरसमोर बसून बदकाचा आवाज काढते. ती एकदम बाहेरच्या खोलीतून उठली आणि तिने स्वयंपाकघरात दार लावून बदक सुरू केलं. चारच्या डावाला म्हणाली, "आई, आज नको, तयारी करायचीये." बदकाची कसली तयारी? मुलगी, जी एरवी आजीच्या पलंगावर पाय वर करून पडलेली असायची, ती स्वतःच्या खोलीत. जेवणाचं ताट आत. "अभ्यास आहे." हिला अभ्यास? मला तेव्हाच कळायला हवं होतं की पाणी मुरतंय कुठेतरी. पण ज्याला स्वतःचं नाक दिसत नाही त्याला काय दिसणार.

आई दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भिंतीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "बाहेर सगळे म्हणतात माणसं घरात अडकलीत. कुठे अडकलीत, मला तर दिसत नाहीत."

आणि त्याच दिवशी चार वाजता... मी खिडकीशी उभा होतो, पाठ करून, काचेत सगळं दिसत होतं. आईने टेबलावर पानं वाटली. चौघांची. आणि एकटी चारही हात खेळायला लागली. आपलं पान टाकायची, मग उठून माझ्या खुर्चीपाशी यायची, माझी पानं बघायची, माझं पान टाकायची. मग सुनेचं. मग नातीचं. आणि तुम्हाला सांगतो, त्यात तिने एकदाही लबाडी केली नाही. शाल खुर्चीच्या पाठीवर तशीच. कुणाशी करणार? मला वाटलं जावं आणि बसावं समोर. तीन पावलं. आणि मग कानात डॉक्टरीणबाई... त्यांना होऊ देऊ नका. मी खिडकी आणखी थोडी उघडली. उघडायला शिल्लक नव्हती, तरी उघडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोळा, बाटली, आम्ही रांगेत, पण रांग कशी, तर एक स्वयंपाकघराच्या दारात, एक खोलीच्या उंबऱ्यात, एक खिडकीत. आईने बाटली टेबलावर ठेवली. म्हणाली, "आज तपासणी नाही. आज मला सांगा, माझं काय चुकलं?"

तिने बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

"म्हातारी झाले, पुन्हा पुन्हा तेच बोलते, माहितीये मला. पत्त्यांत खोटं खेळते. नाही खेळणार. पण असं भिंतीसारखं नका वागू रे."

आणि मुलगी रडायला लागली. उंबऱ्यातच, तिथून पुढे न येता. "आजी, मला वास येत नाही गं. मंगळवारपासून. मी खोटं बोलले. तुला होऊ नये म्हणून मी आत बसले." मी म्हणणार, तुलाही? तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायको, "आई, मलाही नाही येत." आणि मग दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी मास्क काढला, परत लावला आणि म्हणालो, "माझी कंबर ठीक आहे."

म्हणजे चार दिवस तीन माणसं एकमेकांचं 'झणझणीत' ऐकून झणझणीत म्हणत होती. बाकावरचे काका सगळे.

आई गोंधळली. तिने बोळा उचलला, डोळे मिटले, हुंगला. "अरे, पण मला तर येतो. हा काय, लख्ख येतो." बायकोने लांबूनच हात पुढे करून बाटली उचलली, उजेडात धरली. हलवली. मग हातावर थोडी ओतली, आणि हळू आवाजात म्हणाली, "आई... यात काय आहे?"

"ह्यांचं कोलन."

"आई, हे पाणी आहे."

आमच्या घराची एक रीत आहे. शाम्पू संपला की बाटलीत पाणी घालून हलवायचं. पातळ होतो, पण पुरतो. ही रीत आईचीच. आई खुर्चीत बसली आणि म्हणाली, "संपत आलं होतं रे. मग थोडं पाणी घातलं. परत कमी झालं, परत थोडं घातलं. वर्षानुवर्षं घालतेय. आता रोजच्या तपासणीत पार तळाला गेलं, म्हणून सोमवारी भरूनच घातलं. संपून कसं चालेल?" आणि मग आमच्याकडे न बघता, "पण मला येतो. रोज येतो."

तिला विचारायचं होतं, आई, येतोय की आठवतोय? नाही विचारलं. काही लोकांना तक्ता पाठ असू द्यावा.

पण मग काय हलकं वाटलं म्हणता, म्हणजे कुणाला काही झालेलंच नाही. मुलगी रडता रडता हसतेय, धावत आजीकडे निघाली, मी पण निघालो, आणि बायको ओरडली, "थांबा. सगळे आहात तिथे थांबा." बालवाडीची बाई ती, आम्ही जागच्या जागी पुतळे. तिने सिंकखालून काचा पुसायचं व्हिनेगर काढलं. नवी बाटली, झाकण न उघडलेलं. कापसाचे चार बोळे केले. एकेकाकडे लांबूनच टाकले.

आईने हुंगला आणि खोकली. मुलगी "शी" म्हणून भिंतीला टेकली. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी हुंगला.

तिघी माझ्याकडे बघतायत. आई हसतेय, तोंडभर, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "आला ना वास?"

मी अजून एकदा ओढला. तुम्हाला सांगतो, तो शब्द जिभेवर तयार होता, पाठ होता. आईची खुर्ची तीन पावलांवर होती, टेबलावर पत्ते होते.

"नाही आला," मी म्हणालो.

म्हणून हे असं. ही छोटी खोली, ही खिडकी, आणि समोरच्या गॅलरीत चहा पीत उभे असलेले तुम्ही. ताट दाराबाहेर येतं, ताट दाराबाहेर जातं. त्याच दुपारी पांढऱ्या झग्यातला एक माणूस आला आणि चौघांच्या नाकात काडी घालून गेला. चार वाजता आई तिच्या खोलीत पत्त्यांचा एक जोड घेऊन बसते, मी इथे दुसरा, आणि आम्ही बंद दारातून ओरडून खेळतो. आपली पानं आपणच सांगायची. तिच्याकडे दर डावाला चारही एक्के असतात. माझ्याकडे एक जरी आला तरी ती म्हणते, "खोटं बोलू नकोस." शाल परत मांडीवर गेली आहे, मुलगी सांगत होती. मेहुण्याचा काल परत फोन. "भाऊजी, खोलीतच तर बसायचंय..." मी फोन ठेवला.

आत्ता मघाशी, तुम्ही कप विसळायला आत गेलात ना, तेव्हा आई दाराबाहेरून लांबून विचारत होती.

"आला का निकाल?"

"आला."

माझा पॉझिटिव्ह. बायकोचा निगेटिव्ह. मुलीचा निगेटिव्ह. आईचा निगेटिव्ह.