अर्धं पाऊल कुणाचं

नाही, नाही, साहेब — बोलू नका. भुवईसुद्धा उचलू नका. डिंक ओला आहे अजून. कपाळाला सुरकुती पडली की रेशमी पट्टी सुटते, आणि मग पडद्यावर तिची कड दिसते — तुम्ही माणसं कापताय आणि लोक बघतायत तुमचं कपाळ. पाऊण तास खपलेय मी या केसांच्या टोपावर. आता पंधरा मिनिटं दगडासारखं बसा. कंटाळा येऊ नये म्हणून मीच बोलते — चालेल ना? मान हलवू नका म्हटलं ना!

तुम्ही मला ओळखत नाही. कसे ओळखाल — केस बसवणारी बाई आरशात दिसते ती तुमच्या डोक्यामागे, अर्धीमुर्धी. मी फुसाए. नागासे फुसाए. — हं, डोळा हलला. डोळ्याला मुभा आहे. त्याच नागासेची बायको. गेल्या वर्षी पुलावरच्या मारामारीत तुमच्या हातून तिसरा मेला, तो.

मरणं हा त्याचा धंदा. बारा वर्षं मरतोय, याच स्टुडिओत. तुम्हाला काय सांगायचं म्हणा — पण मी लग्न होऊन आले तेव्हा मला कुठे ठाऊक होतं? मला वाटायचं, तलवार चालवणारा मोठा. मग त्याने समजावलं — अगं, तलवार अंगाला लागतच नाही, वीतभर अलीकडे थांबते, आणि उरलेली वीत मरणाऱ्याने आपल्या अंगाने भरून काढायची. मान टाकायची, गुडघे सोडायचे, असं पडायचं की मागच्या रांगेतल्या म्हातारीच्या घशाला कोरड पडावी. क्योतोत तुमच्या तलवारीचा एवढा दरारा आहे ना साहेब, तो या वीतभर जागेत राहतो. घरी आमची सुमिए सव्वादोन वर्षांची — रांगायची तेव्हापासून ती चमचा उगारते आणि तो चटईवर धाडकन! ती खिदळते. मी ओरडते, अहो, पोरीला वाटेल बाप म्हणजे पडायची वस्तू. मी मुळातच काळजीखोर. पोर शिंकली तरी रात्रभर तिच्या छातीला कान लावून बसणारी. शाळेत इतिहासात पहिली आले होते, त्याचा उपयोग एवढाच झाला, की कुठल्या काळातला माणूस शेंडी कशी बांधायचा ते मला कळतं.

आणि त्या दिवशी तुम्ही अलीकडे थांबला नाहीत.

बांबूचीच तलवार, मान्य. वर चंदेरी कागद. पण टोक ते टोकच — डावा डोळा. बरं, पुढचं ऐका. तो शॉट ठेवला. किंकाळी अस्सल होती म्हणून ठेवला! मी गेले होते बघायला, पोरीला पाठीशी बांधून. पुढचा माणूस वाळवलेला मासा चघळत म्हणतो, ‘वा! काय मेलाय लेकाचा!’ आणि पडद्यावर बाप पडला तशी माझ्या पाठीवर पोर खिदळली. तिला तेवढंच ठाऊक ना. अख्खं थिएटर चिडीचूप आणि माझी लेक हसतेय.

तुम्ही खोक्यात घालून खरबूज पाठवलंत. आणि पत्रकारांना सांगितलंत — ‘तो अर्धं पाऊल पुढे आला.’

एक डोळा गेलेला माणूस मरू शकतो हो. चाच्यांची, भिकाऱ्यांची, भुतांची कामं असतात. पण अर्धं पाऊल पुढे येणारा? त्याच्या शेजारी उभं राहायला कोण धजेल? वर्षभर एकाही मारामारीत त्याला घेतलं नाही. घरात तो जमिनीवर खडूची रेघ मारतो, उभा राहतो, पडतो, उठून रेघ बघतो. परवा मला विचारतो, ‘फुसाए, मीच आलो असेन का गं पुढे?’ — डोळ्याचं मी एक वेळ... नाही, डोळ्याचंही माफ नाही. पण तुम्ही त्याचा स्वतःच्या पायांवरचा भरवसा काढून घेतलात. त्या रात्री ठरवलं मी, या माणसालाही कळू दे, जमीन पायाखालून जाते म्हणजे काय. आणि आज कळेल — आज तुम्ही वार कराल आणि एकही —

अगं बाई. हे सांगायचं नव्हतं.

आता बोललेच आहे तर ऐका. ठरलंय सगळ्या मरणाऱ्यांचं. काल सार्वजनिक न्हाणीघरात, कढत पाण्यात बसून ठरलं. शेवटचा शॉट, एकसलग, बावीस माणसं, पत्रकार मुद्दाम बोलावलेले. तुम्ही वार कराल आणि कोणी पडणार नाही. शिव्या नाहीत, दंगा नाही — नुसते उभे राहतील. चौघांवर वार करा, दहा जणांवर करा. जगातला सगळ्यात निर्दय तलवारबाज, हातात कागद चिकटवलेला बांबू! आणि बावीस नाहीत, तेवीस. सकाळी मीच त्याला टोप चढवलाय, पट्टी बांधलेल्या डोळ्यावर बट सोडून. मागच्या रांगेत उभा आहे.

मला काढाल कामावरून. काढा. सगळं आधीच सांगून बसले — सूड घेणारी बाई अशी असते होय? — आणि असे डोळे काय फिरवताय? डिंक मघाच वाळला, साहेब. केव्हाच बोलू शकला असतात.

काय? मोठ्याने बोला.

...हं. म्हणजे ठाऊक होतं. ते पाऊल तुमचं होतं, आणि तुम्हाला वर्षभर ठाऊक होतं. त्याला रेघा मारत ठेवलंत आणि तुम्हाला —

नाही, माझ्यापुढे वाकू नका, टोप सरकेल. मला सांगून काय फायदा? मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तिकडे सांगा, दिव्यांखाली, पत्रकारांच्या देखत, त्याचं पूर्ण नाव घेऊन. मग पडतील सगळे, तोही पडेल — आणि असा पडेल, साहेब, की तुमचं नाव राहील. नाही सांगितलंत तर उभे आहेतच.

पूर्ण नाव माहीत नाही ना? वाटलंच. नागासे इवाओ. इवाओ. घोकत जा.

पुकारा झाला तुमचा. माझ्याकडे काय बघताय — जा.