खळग्यातलं कुंकू

...नाही, पण मला एक सांगा, दसऱ्याच्या दिवशी माणसाने हत्याराला हळदकुंकू वाहिलं तर त्यात चुकलं काय? सुतार करवतीला वाहतो, ड्रायव्हर गाडीला झेंडूचा हार घालतो, आमचे बाबा संगमेश्वरला शिलाई मशिनीला अक्षता टाकायचे... मग मी वाहिलं तर एवढं आकाश कोसळलं? आता तुम्ही म्हणाल, धनंजय, तुझं हत्यार कोणतं? तिथेच तर घोडं पेंड खातंय! मी मस्कतला एका सिक्युरिटी कंपनीत स्टोअरकीपर, आणि माझ्या ताब्यात स्क्रू नाहीत, पाइप नाहीत, रिव्हॉल्वर! परवान्याची हो, सगळी परवान्याची, घाबरू नका. घाबरायचं काम माझं.

कारण इथे नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की बायकोचा गेला, पोरीचा गेला, अल् घुब्राचं बिऱ्हाड गेलं... आणि पोरीचं दहावीचं वर्ष! ऐन ऑक्टोबरात तिला उचलून गावी कुठल्या शाळेत घालू? तिला मराठीत 'एकोणसत्तर' म्हणता येत नाही हो!

तर दसऱ्याच्याच दिवशी आमच्याकडे टेस्ट. माबेलाच्या पलीकडे डोंगराच्या कुशीत आमची गोळीबाराची रेंज आहे. गार्ड लोकांना द्यायची ती रिव्हॉल्वर एवढीएवढीशी, नळी दोन इंच, खिशात मावतील अशी. आणि गोळ्या कशा, तर टोकाला खळगा असलेल्या. का? तर लागली की फुलासारखी उघडते आणि तिथेच थांबते, आरपार जाऊन मागच्या गरीब माणसाला लागत नाही. ऐकायला छान! पण नळी आखूड, म्हणून वेग कमी, म्हणून बऱ्याचशा गोळ्या उघडतच नाहीत, खळग्यात कपडा कोंबला जातो आणि सुसाट पलीकडे! म्हणून माणसाच्या अंगाइतक्या मऊ जेलीचा हा मोठा ठोकळा करायचा, पुढे जीन्सच्या कापडाचे चार पदर लावायचे आणि झाडायच्या. चार कंपन्यांच्या गोळ्या, प्रत्येकीच्या पाच. आणि त्यातल्या एका कंपनीची एजन्सी आमच्या अर्बाबला, म्हणजे मालकाला, घ्यायची होती, म्हणजे जवळजवळ घेतलीच होती, टेस्ट म्हणजे नुसता उपचार.

सकाळी रेंजवरच्या स्टोअरमध्ये मी एकटा. टेबलावर रिव्हॉल्वर, चार ट्रेमध्ये गोळ्या. मी खिशातली पुडी काढली. रिव्हॉल्वरला बोट लावलं, नमस्कार केला, तिथे थांबायचं की नाही? पण कुंकू उरलं, आणि म्हटलं पूजा करायची तर मानाच्या देवाची करू, म्हणून अर्बाबच्या लाडक्या कंपनीचा ट्रे ओढला. अहो, तो खळगा बघितलात ना, तर तुमचंही बोट गेलं असतं! जणू कुंकवासाठीच कोरलेला! पाचही गोळ्यांना ओलं कुंकू, वर एकेक अक्षता, दाबून. दाबून! पडू नये म्हणून! काय ती भक्ती!

मग आला रॉबिन. रॉबिन म्हणजे वसईचा, आमचा टेस्टर, गोळ्या झाडतो तोच आणि मोजतो तोच. टोकं लाल बघून म्हणतो, "काय रे बाबा, ह्या कंपनीने रंग बदलला वाटतं?" मी बोलणार होतो, शपथ! पण तेवढ्यात अर्बाब आत आले, "यल्ला, यल्ला!" आणि रॉबिनने कानावर ते टोप चढवले. आता कानावर टोप घातलेल्या माणसाला कसं सांगायचं?

धाड! पहिली आरपार. धाड! दुसरी आरपार. पाचच्या पाच आरपार, एक उघडेल तर शपथ! आणि त्या स्वच्छ जेलीत... तुम्हाला सांगतो... पाच लालचुटुक रेघा. रॉबिनने चिमट्याने काहीतरी उपसलं, उजेडात धरलं. "अर्बाब... धिस इज राईस."

अर्बाब त्या तांदळाकडे बघतायत. "एश हादा?" म्हणजे हे काय. मी मागच्या दाराने सटकलो आणि बायकोला फोन लावला. म्हटलं, "प्रियांका, संपलं. बॅगा काढ." ती म्हणते, "अहो पण झालं काय?" म्हटलं, "पूजा झाली!" आणि पोरीचं दहावीचं वर्ष!

मग परत आत गेलो. पळून जाणार कुठे, बाहेर नुसते डोंगर! हात जोडून सगळं सांगितलं, अर्धं हिंदीत, अर्धं कोकणातल्या देवांना. "अर्बाब, हमारा त्योहार है, हथियार का पूजा करता है, गलती हो गया, छोटा बच्ची है"... पंधरा वर्षांची घोडी आहे, पण त्या वेळी ती मला पाळण्यातच दिसायला लागली होती!

अर्बाबनी कावा, म्हणजे इथली कॉफी, मागवला. प्यायले. आणखी मागवला. अहो, माणूस ओरडतो तेव्हा बरं असतं, निदान कुठे उभे आहोत ते कळतं! मग म्हणाले, "रॉबिन. नया डब्बा."

कोरा डबा, सीलबंद, मला दहा फूट लांब उभं केलेलं, हात पाठीमागे. धाड! आरपार. धाड! आरपार. तिसरी जराशी उघडली, ओठ मुडपल्यासारखी. बाकी दोन पुन्हा आरपार! आणि उरलेल्या तीन कंपन्या? एकीची एक गोळी फसली, बाकी सगळ्या मस्त फुलल्या. म्हणजे कुंकवाने काही बिघडलं नव्हतं हो, मालच तसला होता! दोन इंची नळीत ती गोळी उघडणारच नव्हती, पूजा करा नाहीतर श्राद्ध करा!

अर्बाबनी रॉबिनच्या हातातली ती न उघडलेली गोळी घेतली, बराच वेळ फिरवली. हळूच म्हणाले, "ये मैं अपना आदमी को देने वाला था." आणि एजन्सी खलास. मग माझ्याकडे वळले, मी डोळे मिटले. "धनंजय, तुम काम पे रहेगा. लेकिन पूजा... दूर से." आणि हसले! मी अक्षरशः रडलो हो, तिथेच, त्या जेलीवर डोकं ठेवून. रॉबिन ओरडतोय, "अरे बाबा, माप घ्यायचंय अजून!"

घरी गेलो तो उडत. गाडीत एकटाच आरती म्हणत होतो. दार उघडलं आणि ओरडलो, "वाचलो! नोकरी राहिली! रेवा, तुझी दहावी इथेच!"

प्रियांका माझ्याकडे बघेना. रेवा सोफ्यावर, तोंड एवढंसं. म्हणते, "बाबा... म्हणजे एक्झाम आहे?"

म्हटलं, "आहे ना! बोर्डाची!"

आईने दुपारी बॅगा काढल्याबरोबर हिने वर्गातल्या सगळ्यांना मेसेज टाकला, इंडियाला चाललो, कायमचे. मैत्रिणी केक घेऊन दारात, रडारड, फोटो... आणि गणिताची वही हिने कुणाला तरी आठवण म्हणून देऊन टाकली! मी ज्या वर्षासाठी दिवसभर मरत होतो, ते वर्ष सुटलं म्हणून ही घरात नाचत होती, आणि मी ते तिला परत आणून दिलं! आता बोलत नाही माझ्याशी. आईला म्हणते, "बाबांना सांग, पुढच्या दसऱ्याला थोडं जास्त कुंकू घाला."