मानेला पैकीच्या पैकी

१९६८चा ऑक्टोबर. रशियन रणगाडे प्रागमध्ये शिरून दोन महिने झाले होते. खाटकाच्या रांगेत यार्मिलाच्या पुढे एक म्हातारी आणि एक टोपीवाला ऑलिंपिकबद्दल बोलत होते.

"पदक देताना रशियाचं राष्ट्रगीत लागलं आणि आपल्या जिम्नॅस्ट वेराने मान खाली घालून उजवीकडे फिरवली. टीव्हीवर पाहिलंत ना?"

"मान अवघडली असेल हो तिची."

"साहेब, तीस वर्षं जिम्नॅस्टिक्सची पंच आहे मी. त्या पोरीचं बोटसुद्धा उगाच हलत नाही."

"बाई, हळू. रांगेला कान असतात."

"असू देत. जन्मात कुणाला पैकीच्या पैकी दिले नव्हते. काल हिला दिले."

"कसरतीला?"

"छे! कसरतीचे थोडे कापलेच असते, खडूस आहे मी. मानेला दिले."

तेवढ्यात कोपऱ्यावरून रशियन शिपायांचा ट्रक आला. कर्ण्यावर तेच राष्ट्रगीत वाजत होतं.

"बाई, समोर बघा! ते बघतायत आपल्याकडे."

"माझी मान अवघडलीय."

यार्मिलाने मान खाली घालून उजवीकडे वळवली. मागच्या बाईनेही. मग सबंध रांगेने.

"आणि तुमची, साहेब?"

"अवघडलीच म्हणायची," टोपीवाला आपल्या बुटांकडे बघत पुटपुटला.

"हनुवटी अजून खाली हवी. अर्धा गुण कापला."