कोपऱ्यातला कॉलम

(सपाट केलेली मोकळी जमीन. तिच्यावर पांढऱ्या फक्कीने एका छोट्या दवाखान्याचा तळमजला खऱ्या मापात आखलेला. कॉलमच्या जागी विटा रचलेल्या.)

वहिनी : भिंतीतून काय जाताय भावोजी? दार तिकडे आहे.

भावोजी : वहिनी, ही फक्की आहे. भिंत उभी राहायला अजून चार महिने आहेत.

वहिनी : आजचा दिवस ती भिंत आहे. तिघांनी मिळून अख्ख्या दवाखान्यात हिंडायचं, आणि तिघांनाही पटल्याशिवाय उद्या एकही खड्डा खणायचा नाही. हे ठरलं तेव्हा मान कुणी डोलावली होती?

भावोजी : मान काय, घरी दादाही डोलावतो. आर्किटेक्ट बाईंशी लग्न त्याने केलं, आणि भोगतोय मी.

वहिनी : तुम्हाला स्ट्रक्चरचं काम मीच दिलंय, विसरू नका.

भावोजी : तेच तर भोगतोय. अहो, हिंडलो की सगळीकडे. तपासणी, औषधं, बसायची जागा. फळीवर सिमेंटचं पोतं टाकून स्ट्रेचरसुद्धा या कोपऱ्यावरून वळवलं. आता जेवायला सोडा.

वहिनी : वळवलं? फळी एवढी तिरकी केलीत की वरचं पोतं माझ्या पायावर येत होतं.

भावोजी : थोडी तिरकी करावी लागते. सगळीकडे करतात.

वहिनी : तुमचा कॉलम दीड फूट पलीकडे सरकवला तर नाही करावी लागणार.

भावोजी : सरकवतो ना, काडेपेटीच आहे ती! कॉलम सरकला की वरचा बीम लांब होणार. लांब झाला की जाड होणार. जाड झाला की त्याच्याखालची तुमची लाडकी खिडकी आखडणार. आहे तयारी?

वहिनी : खिडकीला हात लावायचा नाही. महिनाभर भांडून मिळवलीय.

भावोजी : म्हणजे माझा कॉलम हलणार, तुमची खिडकी नाही. वा रे एकत्र काम!

वहिनी : मिस्त्री, तुम्ही का गप्प? सकाळपासून तोंडातून अवाक्षर नाही.

मिस्त्री : दीर-भावजयीच्या भांडणात आपण पडू नये ताई.

भावोजी : शहाणा माणूस.

वहिनी : पडा खुशाल. बांधणार तुम्ही, मग तुमचं मत नको?

मिस्त्री : बरं. पोतं उतरवा मग.

भावोजी : आता काय काढलंत?

मिस्त्री : मी झोपतो फळीवर. पोत्याला तिरकं केलं तर ते काय बोलणार? उचला.

वहिनी : अगं आई गं! मिस्त्री, दिसता काडीसारखे, आत लोखंड भरलंय का काय?

मिस्त्री : नकाशाप्रमाणेच भरलंय ताई. जास्त नाही.

भावोजी : हसवू नका, हातातून सुटेल. आला कोपरा. वहिनी, तुमची उजवी कड उचला. अजून. अजून थोडी...

मिस्त्री : साहेब, मी पडतोय.

भावोजी : फळीला धरा ना.

मिस्त्री : धरलंय. आजारी माणूस धरेल?

भावोजी : स्ट्रेचरला पट्टा असतो.

मिस्त्री : असतो. बांधला होता तिला.

वहिनी : कुणाला?

मिस्त्री : खाली ठेवा आधी. हात भरून आले असतील तुमचे.

वहिनी : ठेवलं. कुणाला बांधला होता?

मिस्त्री : बायकोला. पोटात काहीतरी फुटलं होतं, ऑपरेशनला नेत होते. असाच कोपरा, असाच कॉलम. स्ट्रेचर अडकलं. मागे घेतलं, पुढे घेतलं, शेवटी तिरकं केलं. मागे ही गर्दी खोळंबली. आणि ती त्या पट्ट्यात लटकलेली, सगळ्यांची माफी मागतेय. म्हणे, माझ्यामुळे वाट अडली हो, रागावू नका.

भावोजी : आता... आता कशा आहेत?

मिस्त्री : ठणठणीत. रोज माझी हजेरी घेते. पण साहेब, तो कोपरा माझ्या हातचा. वीट माझी, प्लास्टर माझं. बांधतानाच दिसत होतं, इथे अडणार म्हणून.

वहिनी : मग बोलला नाहीत?

मिस्त्री : कुणाशी? नकाशा यायचा, माणूस यायचा नाही. मीही म्हटलं, आपल्याला काय करायचंय, आपण वीट लावावी. माफी मी मागायची, ती मागत बसली. तो कोपरा मी बांधलाय, हे अजून तिला सांगितलेलं नाही. लाज वाटते.

भावोजी : मिस्त्री, हा कोपराही सकाळपासून दिसत होता?

मिस्त्री : फक्की मारतानाच दिसला.

भावोजी : आणि मला ते पोतं वाहू दिलंत?

मिस्त्री : म्हटलं, साहेबांच्या लक्षात येईल. जुनी खोड जात नाही हो लवकर.

भावोजी : टेप द्या इकडे. दीड फूट लागणार नाही. सव्वा फुटात काम होतंय. वहिनी, बीमची जाडी सहा इंच वाढेल.

वहिनी : वाढू दे. खिडकी सहा इंच कमी करते.

भावोजी : महिनाभर भांडला होतात.

वहिनी : तुमच्याशीच भांडले होते. दुसरं काहीतरी सापडेल.

भावोजी : त्याची काळजीच नाही. सगळं गणित पहिल्यापासून करायला लागणार. दादाला सांगा, जेवायला माझी वाट बघू नकोस.

मिस्त्री : थांबा, विटा मी हलवतो.

वहिनी : तुम्ही पडून राहा. पेशंट आहात. भावोजी, विटा!

भावोजी : याचसाठी शिकवलं आईबाबांनी. हं, रचल्या. धरा वहिनी. एक, दोन... सावकाश. फळी सपाट ठेवा.

वहिनी : सपाटच आहे. बघा तुमच्या बाजूला.

भावोजी : येऊ द्या. येऊ द्या. कोपरा... वळलं! अहो, चार बोटं जागा उरली!

वहिनी : वळलं हो मिस्त्री, उठा आता. मिस्त्री?

मिस्त्री : उठतो ताई. एकदा परत वळवा.